घरून केलं म्हणून शाळा हात झटकू शकते का?

ओळखीत एक प्रकरण झालं म्हणून कायदे वाचत बसले होते. आठवीतल्या मुलीच्या नावाने कोणीतरी इन्स्टावर फेक अकाउंट काढलं, तिचेच फोटो, खाली घाणेरड्या कॅप्शन्स, आणि अर्धा वर्ग फॉलो करतोय. आईबाबा शाळेत गेले तर उत्तर काय, की हे शाळेच्या वेळेत झालेलं नाही, तुम्ही सायबर सेलला जा.

सायबरबुलिंग नावाचं कलम आपल्याकडे नाहीच्चे. तुकडे गोळा करावे लागतात, फेक अकाउंटला आयटी अ‍ॅक्टचं 66सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) नि 66डी (तोतयेगिरी), धमकी असेल तर बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 351, लैंगिक काही असलं की थेट पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. (आणि कोणी 66ए, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम, सांगितलं तर समजा त्याने बरीच वर्षं काही वाचलेलं नाही, ते सुप्रीम कोर्टाने 2015 लाच रद्द केलंय, आणि त्या केसची सुरुवात आपल्या पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेपासून झाली होती.)

पण खरा कामाचा कायदा वेगळाच निघाला. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा, 1999 चा! आपण रॅगिंग म्हणजे इंजिनिअरिंगचं हॉस्टेल समजतो, पण त्यातली व्याख्या वाचा, विद्यार्थ्याला मानसिक त्रास, भीती, लाज वाटेल असं वागणं, चिडवणं, धमकावणं सगळं येतं, आणि बंदी संस्थेच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे आहे. ऑनलाइन हा शब्द त्यात नाही, तेव्हा कुठून असणार, पण माझ्या मते हे प्रकरण त्यात सरळ बसतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. नाही केलं तर तो गुन्ह्याला मदत केल्यासारखाच धरला जातो. म्हणून तोंडी बोलून येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. अकाउंटची आणि त्यावरच्या पोस्टची लिंक पण कॉपी करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको, कारण पोरं दोन मिनिटांत नाव बदलतात आणि मग अकाउंटची लिंक चालत नाही.

तेरा वर्षांच्या पोराला निलंबन आणि पोलीस हे मला स्वतःला जड वाटतं. तसंही बालन्याय नियमांनुसार अल्पवयीनावर जघन्य गुन्हा (किमान सात वर्षं शिक्षेचा) किंवा मोठ्यांसोबत मिळून केलेला गुन्हा सोडला तर एफआयआर होत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, त्यामुळे "जेलमध्ये टाकू" ही धमकी पोकळच. उरते शाळा. सीबीएसईने 2015 च्या परिपत्रकात बुलिंगविरोधी कमिटी करायला सांगितलंय, त्यात समुपदेशक पाहिजे, पालकही पाहिजेत. आमच्या बिल्डिंगमधल्या सीबीएसईवाल्या आयांना विचारलं तुमच्या कमिटीत कोण आहे, तर एकीला वाटलं मी स्नेहसंमेलनाच्या कमिटीबद्दल विचारतेय.