दोन आणि चारच्या मधे

खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा वर आल्या तेव्हा आत न येता दारातूनच विचारलं, "अगं, तुमच्याकडे रोज दुपारी सुतार येतो का?"

आता त्यांना काय सांगणार. ड्रम्सचा त्रास म्हणावा तर आमच्या घरात ड्रम्स नाहीतच, एक रबरी प्रॅक्टिस पॅड आहे, त्यावर वाजवलं तर शेजारच्या खोलीतल्या माणसाचीसुद्धा झोपमोड होत नाही. त्रास होता तो न वाजवण्याचा. म्हणजे मी ड्रम वाजवायची स्टिक बोटांत गरगर फिरवायला शिकत होते, आणि ती दर तिसऱ्या सेकंदाला टाइल्सवर पडत होती. एक मोठा टक्क, मग टकटकटकटक, मग सोफ्याखाली गडगडत गेल्याचा आवाज, मग मी स्टिक काढायला सोफा सरकवला त्याचा आवाज. काकूंचं बरोबरच होतं, सुतारच वाटणार.

मी ड्रम्सकडे वळले ते काही लहानपणीचं अधुरं स्वप्न वगैरे म्हणून नाही. लेकीला क्लासला घातलं होतं, सहा महिन्यांची फी आगाऊ भरली आणि दीड महिन्यात तिला कळलं की तिला बॅडमिंटन आवडतं. क्लासवाले म्हणाले फी परत मिळणार नाही, घरातलं दुसरं कोणी येणार असेल तर या. नवरा म्हणाला मी नाही, सासूबाई हसल्या, मग राहिलं कोण? फी वाया जाऊ नये म्हणून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी डोंबिवलीतल्या एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत जाऊन बसले, शेजारी नऊ वर्षांचा एक मुलगा जो मला पहिल्या दिवशी "आंटी तुमचा खांदा वर जातोय" म्हणाला. जात होता खरंच. मग सहा महिने संपले पण माझं जाणं काही संपलं नाही.

आणि एक दिवस सर कोणाशी तरी फोनवर बोलत होते, फीबद्दलच बहुतेक, आणि बोलता बोलता त्यांच्या उजव्या हातातली स्टिक आपली आपण फिरत होती. पंख्याच्या पात्यासारखी. ते बघतही नव्हते तिकडे. मला पॅराडिडल, रोल, फिल हे ड्रमचे सगळे धडे जमावेत असं वाटायचंच, पण हे बघून जे वाटलं ते वेगळं होतं, लहानपणी जत्रेत भिरभिरं बघून वाटायचं तसलं. फोन ठेवल्यावर म्हटलं, सर हे शिकवा. ते म्हणाले, "आधी ठेका सांभाळा." हे उत्तर मला चार महिने मिळत राहिलं.

शेवटी शिकवलं तेव्हा दोन मिनिटांत शिकवून झालं, शिकण्यासारखं त्यात फार नाहीच. स्टिक नेहमी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असते, ती तिथून सोडून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत घ्यायची. मनगटाला एक हलका झटका, टोक खाली झुकतं, मागची जाड बाजू वर येते, स्टिक पूर्ण वेढा घालून परत आली की अंगठ्याने तिच्यावर झडप घालायची. बस. सांगायला एवढंच. करायला गेलं की कळतं की फिरवणं सोपं आहे, धरणं कठीण आहे, कारण आयुष्यभर आपण बोटांना एकच शिकवलंय, वस्तू घट्ट धर, आणि इथे घट्ट धरलं की ती फिरतच नाही. शिवाय माझ्या मनगटात बांगड्या. स्टिकचं मागचं टोक बांगडीत अडकायचं, एकदा तर बांगडीतून आरपार जाऊन बसली, सर म्हणाले हा नवीनच ट्रिक आहे. आता क्लासला जाताना बांगड्या काढून ठेवते आणि सासूबाई रोज मोकळ्या हाताकडे बघतात, बोलत नाहीत काही.

स्टिकविषयी मात्र मी नवऱ्याला कंटाळा येईपर्यंत बोलू शकते. आमच्या क्लासमध्ये सगळ्यांकडे फाइव्ह ए मापाची स्टिक असते, साधारण सोळा इंच लांब, हिकरीच्या लाकडाची, हे झाड अमेरिकेतलं, चिवट असतं आणि हाताला बसणारा दणका बराचसा स्वतःच पचवतं. पुढे निमुळती होत गेलेली, त्यामुळे तिचा तोल बरोबर मध्यावर नसतो, किंचित मागे असतो. वाजवताना धरतो ती जागा त्याच्याही मागे. म्हणून फिरवताना ती एका बाजूला जड लागते आणि मधेच कलंडते. हे मला कळलं ते लाटण्यामुळे. लाटणं दोन्हीकडून सारखं, तोल अगदी पोटात, त्यामुळे पहिली खरीखुरी गिरकी माझी लाटण्यावर आली, पोळ्या करताना, पिठाच्या हाताने. सासूबाई म्हणाल्या लाटणं असं फिरवू नये. का? रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात हे त्यांना पाठ आहे, लाटणं फिरवल्याने नेमकं काय होतं ते आठवेना, पण काहीतरी होतं एवढं नक्की.

आता खरी गंमत. साध्या चार मात्रांच्या ठेक्यात उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, सतत चालू असतो, एका मात्रेत दोनदा, त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. डावा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, फक्त दोनला आणि चारला पडतो. म्हणजे मधल्या वेळात तो मोकळाच असतो. मिनिटाला १२० मात्रांचं गाणं असेल तर दोन आणि चारच्या मधे बरोबर एक सेकंद, ७२ चं संथ गाणं असेल तर दीड सेकंदाहून थोडा जास्त. ट्वर्ल, म्हणजे ही स्टिकची गिरकी, करायची जागा ती. बिचाऱ्या डाव्या हाताने, ज्याला आजवर चमचासुद्धा नीट धरू दिलेला नाही, त्याने सेकंदभरात स्टिक सोडायची, फिरवायची, पकडायची आणि चारला हजर व्हायचं. उजव्या हाताने मी महिनाभर जे कमावलं ते सगळं वाया, पुन्हा श्रीगणेशा. आणि हे आधी सांगायचं नाही का सरांनी?

नवऱ्याचं म्हणणं, हे सगळं नाटक आहे, संगीताशी काय संबंध. मी त्याला विचारलं, तू दर गणपतीत पुण्याला पथक बघायला का जातोस, घरी बसून ऐक की रेकॉर्डिंग. पथकात शंभर टिपरू एकदम एकाच उंचीवर वर जातात, क्षणभर थांबतात आणि एकदम खाली येतात, त्या थांबण्यात आवाज काहीच नसतो पण अंगावर काटा तिथेच येतो ना. झाकीरभाईंचे केस तबल्यातून थोडेच वाजायचे, तरी ते उडले की हॉल वेडा व्हायचा, आणि ते सम चुकले असं कधी झालं नाही. नवरा म्हणाला, "तू स्वतःची तुलना झाकीर हुसेनशी करतेयस का?" विषय तिथेच संपला.

पण नाटकाबद्दल त्याचं अगदीच चूक नाही, हे खरंच नाटकवाल्यांच्यात वाढलेलं आहे. बडी रिच, ज्याला पुष्कळ ड्रमर आजही देव मानतात, १९१७ चा जन्म, तो नुकता बोलायला लागायच्या वयात आईवडिलांच्या खेळांत स्टेजवर ड्रम वाजवत होता, तिकिटं त्याच्या नावावर खपत. जाझवाला लायनेल हॅम्प्टन स्टिक हवेत उडवायचा, झेलायचा, आणि हे मधेच, बँड चालू असताना. जीन क्रुपाने तर तीसच्या दशकात मागे बसणाऱ्या ड्रमरला पोस्टरवरचा हीरो केलं, घाम, विस्कटलेले केस, सगळं. नंतर रॉकवाल्यांनी कहरच केला, कीथ मूनने १९६७ साली टीव्हीच्या कार्यक्रमात ड्रममध्ये दारू ठासून स्फोट घडवला, टॉमी ली आख्ख्या ड्रमसेटसकट उलटा फिरायचा. ते मला नाही आवडत, तो आकाशपाळणा झाला, त्याला हात कशाला लागतो. स्कॉटलंडच्या बॅगपाइप बँडमधले टेनर ड्रमवाले मात्र मला फार आवडतात, त्यांच्या गुबगुबीत काठ्यांना दोऱ्या असतात, त्या बोटांत गुंतवून सगळेजण मिळून फिरवतात, दोरी असल्यामुळे पडायची भीती नाही. मी सरांना विचारलं आपण दोरी लावू शकतो का. त्यांनी उत्तर दिलं नाही.

माझा माणूस जॉन ब्लॅकवेल. अमेरिकन गायक प्रिन्सच्या बँडमधला ड्रमर, २०१७ साली गेला, अवघा ४३ वर्षांचा. त्याचे व्हिडिओ मी रात्री स्लो करून बघते. डावी स्टिक फिरतेय, चेहरा शांत, जणू खिशातून रुमाल काढतोय, आणि ठेका जागचा हलत नाही. दुसरा स्टीव्ह मूर, २०१० मध्ये ज्याचा व्हिडिओ जगभर फिरला, पुढे बँड आपलं गाणं वाजवतोय आणि मागे हा एकटाच हातवारे, उड्या, गिरक्या असा काही सुटलाय की गायकाकडे कोणी बघेना. हसून हसून पुरेवाट होते. पण एकदा डोळे मिटून ऐका, एकही ठोका इकडचा तिकडे नाही.

तर काकूंच्या सुतारप्रकरणानंतर मी पलंगासमोर उभी राहून प्रॅक्टिस करायला लागले. स्टिक पडली तर गादीवर पडते, आवाज नाही, वाकायलाही लागत नाही फारसं. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून वेग सांगणारं यंत्र, ७२ वर, दोनला मांडीवर मार, फिरव, चारला मांडीवर मार. मांडीवर गोल गोल निळे डाग. पावसाळ्यात हात घामट झाले की स्टिक निसटायची, हिवाळ्यात कोरडे पडले की निसटायची. तरीही कधीकधी जमिनीवर जायचीच, आणि मग मी श्वास रोखून खालून काही हालचाल होतेय का ऐकत उभी.

डिसेंबरात क्लासचा कार्यक्रम होता, छोट्या हॉलमध्ये, ताडपत्रीच्या खुर्च्या. मला एका जुन्या भावगीताचं जरा रॉक केलेलं व्हर्जन आलं, ७२ च्या आसपासचं, सरांनी मुद्दामच दिलं असणार. दुसऱ्या कडव्यानंतर एक जागा होती, मी आधीपासून हेरून ठेवलेली. दोनला स्नेअर मारला, सोडली, फिरली, अंगठा बरोबर पडला, चार. जमलं. एकदाच केलं, पुन्हा करायची हिंमत झाली नाही. चुकून गाण्याचा वेग जरा वाढला तेवढाच.

घरी येऊन लेकीने काढलेला व्हिडिओ लावला. दुसरं कडवं संपतं, आणि बरोबर तिथे तिने कॅमेरा गाणाऱ्या मुलीवर नेलाय, छान झूम करून. माझ्याकडची फक्त एक झांज दिसते आणि कोपराचा तुकडा. नवरा त्या वेळी बाहेर गाडी लावत होता. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या साडी छान दिसत होती. नऊ वर्षांच्या त्या मुलाला मेसेज करून विचारायचाही विचार केला, त्याच्या आईच्या नंबरवर, मग म्हटलं जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. त्यांना मीच पास दिला होता, सुतारकामाची भरपाई म्हणून.

"छान वाजवलंस गं," त्या म्हणाल्या, "पण मधेच ती काडी गरगर फिरवलीस ना, माझा जीव नुसता टांगणीला. मी कान देऊन बसले, म्हटलं आता पडणार, आता पडणार." तिसरा मजला आला, दार उघडलं, काकू बाहेर पडता पडता वळल्या. "पडलीच नाही की गं!"