बाबांच्या ऑपरेशनला अडवलं ते रेशन कार्डानं

पेशंट घेऊन नागपूरला निघण्याआधी एक काम करा. रेशन कार्डावर ज्यांची नावं आहेत ती सगळी ऑनलाइनही दिसतात का, ते पाहून घ्या. माझ्या बाबांचं डोक्याचं ऑपरेशन एवढ्याशा गोष्टीवरून अडून राहिलं. राग अजून उतरलेला नाही.

बाबांचा डावा पाय ओढला जाऊ लागला, हातातून कप सुटायचा. गावात जो तो म्हणे, "लकवा होय, झाडपाल्याची दवा करा." आम्ही यवतमाळला सीटी स्कॅन काढून थेट नागपूर गाठलं. न्यूरोसर्जननं फिल्म बाजूला ठेवली आणि बाबांना डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा तळवा हळूहळू आत वळला, हात खाली आला. "महिना-दोन महिन्यांत पडले होते काय?" आईला आठवलं, बंडीवरून उतरताना डोकं चाकावर आपटलं होतं. उतारवयात मेंदू आकसतो, वरच्या शिरा ताणलेल्या असतात. साध्या मारानंही एखादी फाटते आणि रक्त आवरणाखाली कित्येक आठवडे साचत राहतं. दिसतं लकव्यासारखं, पण ते रक्त काढलं तर माणूस चालता होऊ शकतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसत होतं. पण दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आजोबांचं नाव ऑनलाइन नाही. तहसीलमधून करून आणा." छापील कार्डावर नाव होतं, आधारवरही तेच होतं! धाकटा भाऊ एसटीनं परत गेला. तिथं आधी "साहेब मीटिंगले गेले", मग "सर्व्हर डाऊन", मग अर्ज नव्यानं लिहा. इकडे बाबा दिवसाही गुंगीत राहू लागले, हाकेला उशिरा ओ देऊ लागले. खिडकीवर सांगितलं तरी एकच पालुपद, "कागदाशिवाय फाईल पुढं जात नाही."

रात्री राउंडला डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांवर टॉर्च मारला आणि तडक स्वतः खिडकीवर गेले. तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून कळवून ऑपरेशन करता येतं, कागद मागून चालतात. ही सोय योजनेतच आहे! रोज त्या खिडकीत बसणाऱ्याला ती ठाऊक नसेल, हे मी मानत नाही. तुम्ही शब्द पाठ करून जा: 'इमर्जन्सी टेलिफोनिक इंटिमेशन'. तरी कोणी अडवलं तर योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर फोन लावा.

कवटीला दोन छिद्रं पाडली, जळक्या ऑइलसारखं काळं रक्त निघालं. दुसऱ्या दिवशी बाबांनी डाव्या हातानं चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आणि हो, पेशंटला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आल्या आल्या सांगा, पाकीटच दाखवा. हे रक्त पुन्हाही साचू शकतं, म्हणून सुट्टी झाल्यावर डोकं दुखलं किंवा चाल बिघडली तर थांबू नका. सुट्टीनंतर १० दिवसांची औषधं योजनेतूनच मिळतात, ती मागून घ्या.