बेल एअरच्या कॅप

मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करणं हा माझा धंदा. त्यात कॉर्वेट, म्हणजे शेव्हरोलेची फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्स कार, बरीच येते. "आमची कॉर्वेट १९५३ ची आहे" असं सांगणारे बरेच भेटतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या १९५४ च्या निघतात. पहिल्या वर्षी बनल्या फक्त ३००, दुसऱ्या वर्षी ३,६४०. शिवाय पहिल्या वर्षाच्या सगळ्या पांढऱ्या, आत लाल, छत काळं. एखादी ५४ ची पांढरी गाडी रंगरंगोटी करून ५३ ची म्हणून खपवायला कितीसा वेळ लागतो?

त्या दिवशी एक बाई वडिलांच्या पश्चात त्यांची गाडी घेऊन आल्या होत्या. आधी एका दलालाने पाहिली होती. त्याने चाकांकडे बोट दाखवून भाव पाडला: व्हील कॅप, म्हणजे चाकांवरची झाकणं, कॉर्वेटच्या नाहीत, शेव्हरोलेच्याच बेल एअर या घरगुती गाडीच्या आहेत. बाई ओशाळून म्हणाल्या, "बाबांनी स्वस्तातल्या बसवल्या असतील."

मी तडक दाराच्या खांबावरची नंबरपट्टी गाठली. ई-५३-एफ, म्हणजे ५३ साल आणि फ्लिंटचा कारखाना. पहिल्या गाडीला १००१ नंबर होता. हिचा त्यापासून पंचवीसच्या आत.

आता चित्र पालटलं. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात लोकांनी ही गाडी प्रदर्शनात पाहिली आणि ३० जूनला फ्लिंटमध्ये पहिली गाडी बनून बाहेरसुद्धा पडली. एवढ्या घाईत कॉर्वेटच्या खास कॅप तयार झाल्या नव्हत्या. म्हणून सुरुवातीच्या पंचवीसेक गाड्यांना बेल एअरच्या कॅप लावून पाठवलं. दलालाला जे खोटं वाटलं, ते या नंबरच्या गाडीवर असायलाच हवं होतं.

पण कॅप जुन्या बाजारात मिळतात, आणि पट्टी एका गाडीची काढून दुसरीला लावता येते. गाडी लिफ्टवर चढवली. पेट्रोलची नळी चासीच्या उजव्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाने गेलेली. ५४ मध्ये ती आत घेतली. चासीवर कोरलेला नंबर वरच्या बाजूला, बॉडीखाली दडलेला असतो. आरसा आणि बारीक कॅमेरा घालून, गंज हलकेच पुसत एकेक आकडा वाचला. पट्टीशी तंतोतंत जुळला. तेव्हा कुठे मी बाईंना चहा विचारला.

मग डिकी उघडली. पूर्वी भोसरीत फायबरचं काम करणाऱ्या शेडमध्ये होतो, त्यामुळे पॅनेलची आतली बाजू चाचपल्याशिवाय मला राहवत नाही. पत्र्याच्या गाडीत लपवता येणार नाही अशी एक गोष्ट इथे होती: रेडिओची एरियल डिकीच्या झाकणातच जाळी घालून बसवलेली. फायबर लहरी अडवत नाही म्हणून ते जमलं. तेच फायबर वीजही वाहून नेत नाही, म्हणून दिव्यांना अर्थिंगच्या वेगळ्या वायरी. मागच्या नंबरप्लेटवर पारदर्शक झाकण आहे. आत वाफ धरायची म्हणून कंपनीने ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायला सुरुवात केली. बाहेरून दाराला हँडल नाही, खिडकीला काच नाही. आणि स्पोर्ट्स कार म्हणवणाऱ्या या गाडीला सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन, वर दोन गियरचा ऑटोमॅटिक! दिसायला मात्र आजही जीव जडावा अशी.

उजव्या पुढच्या मडगार्डला कधीतरी मार लागून पुट्टी भरलेली होती, छताचं कापड नवं होतं. त्याचे पैसे मी कापलेच. अहवालात कॅपबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला आणि बाईंना बजावलं, कोणी चकचकीत कॅप फुकट देऊ केल्या तरी या बदलायच्या नाहीत.

दलालाचा फोन त्यांना दुसऱ्याच दिवशी आला म्हणे. भाव वाढवला आणि सहज म्हणून चासीचा नंबर विचारला. बाईंनी दिला नाही.