मधल्या भाराचा आवाज

जलविद्युत केंद्रात टर्बाइनमधून पाणी बाहेर नेणाऱ्या नळाचं, म्हणजे ड्राफ्ट ट्यूबचं, मॅनहोल उघडण्याआधी शेजारचा छोटा कॉक उघडून बघतात. त्यातून पाणी आलं, तर झाकणाच्या बोल्टला हात लावायचा नाही. त्या दिवशी कॉक कोरडा होता. आत फळ्या टाकल्या, टॉर्च वर धरला आणि फ्रान्सिस टर्बाइनचा रनर, म्हणजे पाण्यानं फिरणारं पात्यांचं चाक, खालून दिसला. पात्यांच्या मागच्या बाजूला, पाणी बाहेर पडतं त्या कडेजवळ तळहाताएवढे डाग. जवळून पाहिलं तर स्पंज झाला होता. करंगळीचं टोक आत जात होतं. स्टेनलेस स्टील ते. वाफेचे बुडबुडे फुटून फुटून त्याची ही गत झाली होती.

सोबतच्या नव्या इंजिनिअर मुलीनं विचारलं, "सर, इथे कॅप्लान टर्बाइन का नाही बसवला? त्याची पाती भाराप्रमाणे वळतात ना?"

प्रश्न चांगला होता. पण आमचं हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, १२० मीटर. कॅप्लान साधारण साठ-सत्तर मीटरपर्यंत चालतो, त्यापुढे कॅव्हिटेशन, म्हणजे हेच बुडबुडे फुटणं, त्याला खाऊन टाकतं. खरा पर्याय पेल्टनचा होता, म्हणजे कडेला बकेट लावलेल्या चाकाचा. एवढ्या हेडला नोझलमधून धार सेकंदाला सुमारे ४८ मीटर वेगानं सुटते, बकेटच्या मधल्या धारदार कण्यावर दुभंगते आणि दोन्हीकडून जवळपास उलटी वळून गळून पडते. पाणी घटलं की चारांपैकी दोन नोझल बंद करायचे. उरलेल्या धारा तितक्याच जोरात लागतात, कार्यक्षमता फारशी ढळत नाही. फ्रान्सिसमध्ये पाणी घटलं की रनरभोवतीच्या, पाणी आत सोडणाऱ्या गाईड व्हेन मिटतात, पाणी पात्यावर नको त्या कोनात येतं आणि खाली ड्राफ्ट ट्यूबमध्ये पिळाच्या दोरासारखा भोवरा गरगरतो. आमचं मशीन मिनिटाला ७५० फेरे घेतं. चाळीस टक्के भाराला, म्हणजे क्षमतेच्या चाळीस टक्केच वीज काढताना, मेगावॉटचा काटा सेकंदाला तीन-चारदा डोलतो, तो या भोवऱ्यामुळे.

मग फ्रान्सिस का? निवडीच्या तक्त्यात कार्यक्षमतेचा एकच रकाना होता: पूर्ण भाराला. तिथे फ्रान्सिस दोन-तीन टक्क्यांनी सरस ठरला. शिवाय तो वेगानं फिरतो, म्हणून जनरेटर लहान आणि स्वस्त. पेल्टन पुराच्या पातळीच्या वर बसवावा लागतो, तेवढं हेड वाया जातं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण नदी वर्षातले तीन महिने भरून वाहते. उरलेल्या नऊ महिन्यांसाठी तक्त्यात रकाना नव्हता, आणि त्या तक्त्यातली आकडेमोड माझी होती. एक मोठा, एक लहान असे दोन फ्रान्सिस सुचवले असते, तरी निभावलं असतं.

शिफ्टच्या ऑपरेटरांनी लॉगबुकात वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय: "४० टक्क्यांना खडी वाहिल्यासारखा आवाज." वरच्या ऑफिसात ते कुणी वाचलं नाही. मशीनशेजारी आठ तास बसणाऱ्याच्या कानापेक्षा आपल्याकडे छापील आलेखाला जास्त मान.

वेल्डरकाकांनी सहा दिवस उताणं पडून डाग खरवडले, भरले, घासले. प्रत्येक पात्याला पत्र्याचं टेम्प्लेट लावून मी फट तपासली. ड्राफ्ट ट्यूबमध्ये हवा सोडायचा गंजून अडकलेला व्हॉल्व्हही मोकळा केला. सातव्या दिवशी मशीन लावलं. पूर्ण भाराला अगदी शांत. भार उतरवत चाळिसावर आणला, हवा सोडली. दणके मंदावले. मुलगी झाकणावर तळहात टेकून उभी होती. "सर, खडी अजून आहे," ती म्हणाली.

मी लॉगबुकात तशी नोंद केली आणि पाण्याची महिनावार आकडेवारी मागवली.