मोहोळच्या शेततळ्यावर दोन सकाळी: माशांच्या खाद्यातील लसूण आणि हळद

गेल्या मे महिन्यात तुळजापूरजवळच्या आमच्या शेततळ्यातील रोहू अंगावर लाल चट्टे घेऊन काठाला येऊ लागले, तेव्हा एका दुकानदाराने नाव नसलेली प्रतिजैविकाची पुडी हातात ठेवली आणि मी ती खाद्यात मिसळली. मरतूक थांबली नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांना मत्स्यपालनात बंदी आहे, हे मला त्यानंतर समजले. त्या पुडीत काय होते हे मी विचारलेसुद्धा नव्हते, याची बोचणी अजून आहे. म्हणूनच सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी कटला-रोहूला वनस्पतींचे पूरक खाद्य देतात असे कळल्यावर मी आणि धाकटा भाऊ फेब्रुवारीच्या अखेरीस तिकडे गेलो.

तुळजापूरहून सोलापूर साधारण 45 किलोमीटर आहे आणि तेथून पुणे महामार्गाने मोहोळ तासाभरात येते. पहिल्या दिवशी आम्ही दहा वाजता पोहोचलो, तोवर खाद्य तळ्यात पडलेही होते. त्यामुळे मुक्काम वाढवावा लागला. ज्यांना खाद्य तयार होताना पाहायचे आहे, त्यांनी आदल्या रात्री सोलापुरात किंवा मोहोळमध्ये राहून सकाळी सातच्या आत तळ्यावर असावे. बांधावर चढण्यापूर्वी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात. स्वतःच्या तळ्यावरचे जाळे, बादली किंवा ओली चप्पल सोबत नेऊ नये, कारण माशांच्या उवा आणि जंतू याच वाटेने एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आमच्यासमोर सारे केले. त्यांच्या तळ्यात सुमारे 2000 मासे होते. जाळे ओढून वीस-पंचवीस मासे तोलल्यावर सरासरी वजन 250 ग्रॅम भरले, म्हणजे एकूण 500 किलो. त्याच्या दोन टक्के म्हणजे दिवसाचे खाद्य 10 किलो. त्यासाठी त्यांनी 100 ग्रॅम सोललेला लसूण पाट्यावर ठेचला आणि दहा मिनिटे तसाच झाकून ठेवला. लसूण ठेचल्यावरच त्यातील विकर (एन्झाइम) कामाला लागून जंतूंना रोखणारे अ‍ॅलिसिन तयार होते आणि उष्णतेने ते विकर निकामी होते, म्हणून लसूण शिजवायचा नाही. 50 ग्रॅम हळद त्यांनी पाण्यात न कालवता शेंगदाण्याच्या तेलात कालवली, कारण हळदीतील मुख्य घटक कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग दोन्ही मिश्रणे तरंगत्या गोळी खाद्यावर थोडी थोडी ओतत हाताने चोळली आणि सगळ्या गोळ्या पिवळ्या झाल्यावर पोत्यावर पातळ पसरून शेडच्या सावलीत वाळत ठेवल्या. तासाभराने एक मूठ गोळ्या त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकून दाखवल्या. पाच मिनिटांनंतरही पाणी जवळपास नितळच होते. पाणी लगेच पिवळे झाले तर लेप सुटला असे समजावे. तसे खाद्य टाकले तर हळद माशाच्या पोटात जाण्याऐवजी तळ्यात जाते. ही बादलीची परीक्षा मला सबंध प्रवासातील सर्वांत उपयोगी गोष्ट वाटली.

रोहूच्या बोटुकल्यांवर (बोटभर पिलांवर) भारतात झालेल्या प्रयोगांत 0.1, 0.5 आणि 1 टक्का लसूण 60 दिवस देऊन नंतर एरोमोनास हायड्रोफिला या जंतूची लागण केली, तेव्हा लसूण खाल्लेल्या माशांत मरतूक कमी झाली होती. यात लक्षात घ्यायचे ते हे की लसूण लागणीच्या आधी दिला होता. माशाचा भर जन्मजात प्रतिकारशक्तीवर अधिक असतो आणि ती सावध ठेवण्याचे काम हे पदार्थ करतात. चट्टे पडलेला मासा खाद्याकडेच येत नाही, मग त्याच्या पोटात लसूण जाणार तरी कसा? सोलापूरकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि तळ्याची पातळी खाली जाते, त्याआधीच मालक खाद्य सुरू करतात, तीन आठवडे देतात आणि मग खंड पाडतात.

मी कडुनिंबाबद्दल विचारले तेव्हा ते गंभीर झाले. “तो तळ्यात टाकू नका, दादा. पाला कुजला की पाण्यातला प्राणवायू खातो, आणि अर्क जास्त झाला तर मासाच मरतो.” डाळिंबाच्या सालीचे पीठ ते अजून एका लहान टाकीतच तपासत आहेत. सांगोल्याच्या बागांमुळे साल फुकट मिळते, पण तिच्यातील टॅनिन (तुरट द्रव्य) प्रथिनांना धरून ठेवते आणि प्रमाण वाढले की पचन मंदावते, त्यामुळे त्यांची सावधगिरी मला पटली.

पाण्याची वही त्यांनी खाद्याच्या वहीआधी उघडली. विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून नोंद सूर्योदयापूर्वीची होती आणि तो लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली असेल त्या दिवशी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू ठेवून खाद्य अर्ध्यावर आणल्याचे लिहिले होते. “पाणी बिघडल्यावर लसूण काय करणार?” असे ते म्हणाले. माझ्या मेमधील तळ्याची अशी एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

जाताना सोबत वही आणि ग्रॅमवर मोजणारा काटा ठेवा, आणि आपल्या तळ्यातील माशांची संख्या व सरासरी वजन आधीच काढून न्या, म्हणजे प्रमाण तेथेच ठरवता येईल. आम्ही दुपारी मोहोळमध्ये कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन निघालो. परतताना सोलापुरात प्राणवायू मोजण्याचा संच घेतला, लसूण मात्र घरचाच आहे.