तुम्ही विचारलंत म्हणून: रस्त्यावरचं मोठं कुत्रं घरात रुळतं का?

घरी कुत्रं आणायचं ज्यांच्या मनात असतं ते मला हमखास विचारतात, "पिल्लू आणलं तर ठीक, पण रस्त्यावर वाढलेलं मोठं कुत्रं घरात रुळतं का हो?" आणि मग जरा चाचरत, "ज्यांना कुणीच नेत नाही, त्यांना शेवटी इंजेक्शन देतात का?" शेल्टरमधली कुत्री मी पुण्यात घरी ठेवून घेते, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात.

इंजेक्शनचं आधी सांगते. जागा नाही म्हणून धडधाकट कुत्र्याला मारायला आपल्याकडे कायद्याची परवानगी नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार बरा न होणारा आजार झालेल्या किंवा वाचण्याची आशाच नसलेल्या जखमी कुत्र्याला दयामरण देता येतं, तेही पशुवैद्याने, शिरेतून औषध देऊन, दुसरं कुत्रं समोर नसताना. मी ते जवळून पाहिलं आहे. हायवेवर ट्रकखाली आलेली एक मादी होती. कंबरेपासून मागचं अंग गेलेलं, जखमेत किडे पडलेले, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. डॉक्टर शीर शोधत होते तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती माझा अंगठा चाटत होती. त्या इंजेक्शनला माझा पूर्ण पाठिंबा आहे, तिला तसंच तडफडत ठेवणं हा क्रूरपणा झाला असता. पण तीन पायांचं, एका डोळ्याचं, मागचे पाय लुळे पडल्यामुळे चाकांच्या गाडीवर फिरणारं कुत्रं मजेत जगतं. त्यांच्यासाठी कुणी दयामरण सुचवलं की मी भांडते.

"अमेरिकेत तर सर्रास मारतात," असंही लोक ऐकवतात. मारतात, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. तिथल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्थेचा अंदाज असा की 2011 मध्ये शेल्टरांतून वर्षाला साधारण 26 लाख कुत्री-मांजरं मारली जात होती, 2019 पर्यंत तो आकडा 9 लाख 20 हजारांवर आला, त्यातली 3 लाख 90 हजार कुत्री. नसबंदी वाढली, लोक शेल्टरमधून प्राणी नेऊ लागले, म्हणून हा फरक पडला. तरीही अजून किती तरी ठिकाणी पिंजऱ्यात येऊन जेमतेम आठवडा झालेल्या कुत्र्याच्या वागण्यावरून त्याच्या जगण्या-मरण्याचा निवाडा होतो. हे मला भयंकर वाटतं. चहूबाजूंनी भुंकणं, फिनेलचा वास, अनोळखी हात. अशा ठिकाणी जे गुरगुरतं किंवा कोपऱ्यात थिजून बसतं ते भ्यालेलं असतं. त्याचा खरा स्वभाव तिथे कळणार कसा?

आपल्याकडे मारत नाहीत म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून आणली तिथेच सोडायची, रेबीज झालेली आणि आक्रमक तेवढी वगळून. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे ती जाणार शेल्टरमध्ये. शेल्टरं आधीच भरलेली. लोक नेतात ती पिल्लं, त्यातही गोरी-गोमटी, मऊ कानांची. दोन-तीन वर्षांचं काळं गावठी कुत्रं त्याच पिंजऱ्यात म्हातारं होतं.

कुत्री चावतात त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. चावलेल्या लेकराच्या आईला भूतदयेचे धडे देऊ नयेत. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हे कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनीही आपल्या गल्लीत सांगत राहिलं पाहिजे. पण मारून हे संपत नाही. मुंबई महापालिका 1994 पर्यंत भटकी कुत्री मारत होती. उकिरडे जागच्या जागी होते, उरलेली कुत्री वीत होती, मोकळी झालेली जागा शेजारच्या टोळ्या घेत होत्या. मुंबईतली कुत्री काही संपली नाहीत. उलट गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून गावोगाव, वाड्यावाड्यांवर कुत्र्यांना लस टोचली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. हे काम जमण्यासारखं आहे, आपल्या महापालिकांनी ते मनावर घ्यायला हवं.

आता पहिला प्रश्न. मोठं कुत्रं घरात रुळतं. वेळ घेतं, पण रुळतं.

माझ्याकडे आलेला तांबू आठवतो. कानाला नसबंदीची खाच, पाठीवर खरजेने केस गेलेले, वयाने चारेक वर्षांचा असावा. आल्या आल्या तो बाथरूममध्ये शिरला आणि कमोडच्या मागे भिंतीला चिकटून बसला. फरशीवर त्याचे पाय घसरत. तो जन्मभर माती आणि डांबरावर चाललेला, गुळगुळीत टाइल त्याने कधी पाहिलीच नव्हती. जिने चढायला तयार नाही, लिफ्टचं दार सरकलं की थरथर. केरसुणी हातात घेतली की लघवी व्हायची, काठीचा मार ज्याने खाल्ला आहे त्याला केरसुणी आणि काठी सारखीच. दहीभात समोर ठेवला तर तिकडे बघायचाही नाही, मी दिवा मालवून आत गेले की मग लपलप आवाज यायचा. मी त्याला हाका मारल्या नाहीत, उचललं नाही, पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढलं नाही. बाथरूमपासून दारापर्यंत जुन्या चादरी आणि पायपुसणी अंथरली, रोज ठरल्या वेळी खाणं, ठरल्या वेळी फिरणं. रस्त्यावरचं कुत्रं मुळात बाहेर शी-शू करणारं असतं, तो त्रास पिल्लापेक्षा कितीतरी कमी.

मग एका दुपारी तो बैठकीत येऊन कुशीवर पडला, चारी पाय ताणून. कुत्रं बावरलेलं असलं की अंगाचं मुटकुळं करून, कान टवकारून झोपतं. पोट उघडं टाकून आडवं पडलं की समजायचं, याचा आता या घरावर भरवसा बसला. त्यानंतर शेपटी हलली, मग चप्पल पळवणं, मग दारात येऊन वाट बघणं.

कुत्री पाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत ते घर त्याचं होतं. काहींना याहून जास्त लागतं. आठवड्यात कुत्रं परत आणून सोडणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच. त्याला उलगडायला वेळच दिलेला नसतो.

सगळीच कुत्री सगळ्या घरांना चालतात असं मी म्हणणार नाही. घरात रांगतं मूल असेल आणि कुत्रं ताटाजवळ कुणाला येऊ देत नसेल, तर ती जोडी लावू नये. म्हणून शेल्टरमध्ये जाल तेव्हा फोटो बघून ठरवू नका, रोज खाणं घालणाऱ्या कामगाराला विचारा. कोणतं कुत्रं ताटावर चिडतं, कोणाला मांजर चालतं, कोण लहान मुलांना बिचकतं, हे त्याला पाठ असतं. रेबीज आणि नाइन-इन-वन (बऱ्याच आजारांवरची एकत्र लस) या लसींचं कार्ड मागा, गोचीडतापाची तपासणी झाली का ते विचारा. सोसायटीने हरकत घेतली तर घाबरू नका. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तुम्ही महापालिकेचा परवाना तेवढा काढून ठेवा. आणि एवढं करूनही मनाची तयारी होत नसेल तर आधी फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळायला, न्या. बऱ्याच शेल्टरांत ती सोय असते, कुणी विचारत नाही इतकंच.