हळद युनिटसाठी पैसा उभा करताना: सांगलीतला माझा अनुभव

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या हळद दळण्याच्या युनिटला पैसे दोन कामांसाठी हवे होते: 18 लाखांची यंत्रं आणि हंगामात हळकुंड भरायला खेळतं भांडवल. ही दोन वेगळी कर्जं आहेत. यंत्राचा पैसा पाच-सात वर्षांत सुटतो, हळदीचा काही महिन्यांत. कॅश क्रेडिटमधून (खेळत्या भांडवलासाठी बँक ठरवून देते त्या उचल-मर्यादेतून) यंत्र घेतलं, की मार्केट यार्डात सौदे रंगात येतात नेमकं तेव्हाच लिमिट संपलेलं असतं. चालू युनिटं अडकतात ती बहुतेक इथंच.

पहिला पर्याय जवळच्या पतसंस्थेचा होता. कागद कमी, पैसे लवकर. पण व्याज सरळ दराने होतं, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी पूर्ण मूळ रकमेवर. 5 लाखांवर 12 टक्के सरळ दराने तीन वर्षांचं व्याज 1.80 लाख, हप्ता सुमारे 18,889 रुपये. हाच हप्ता घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर मांडला तर दर 21 टक्क्यांच्या वर जातो. म्हणून दर विचारण्याआधी पद्धत विचारावी.

यंत्रासाठी पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून मुदत कर्ज घेतलं. अनुदान 35 टक्के, कमाल 10 लाख. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के. आमचे 1.80 लाख, बँकेचे 16.20 लाख. अनुदानाचे 6.30 लाख हातात येत नाहीत. ते बँकेत वेगळे राहतात आणि तीन वर्षं खातं नियमित असेल तरच कर्जात वळते होतात. खेळत्या भांडवलाला हे अनुदान नाही. कर्जमंजुरीआधी यंत्र घेऊन टाकू नये, कोटेशनवरच थांबावं. भूखंड तारण द्यायचा असेल तर एमआयडीसीची संमती लागते. तो अर्ज आधी करावा, कारण फाईल तिथं रेंगाळते.

कॅश क्रेडिटचा हिशोब उलाढालीवर होतो. अंदाजित उलाढाल 1.20 कोटी, तिच्या 25 टक्के म्हणजे 30 लाखांची गरज. त्यात बँक 24, आपण 6. उलाढालीचा आकडा जीएसटी विवरणपत्रांशी जुळला पाहिजे. फुगवलेला अंदाज बँकेत टिकत नाही.

मात्र 24 लाख मंजूर झाले म्हणजे 24 लाख उचलता येतात असं नाही. खरा आकडा ड्रॉइंग पॉवरचा, म्हणजे साठा आणि येणी पाहून त्या वेळी प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेचा. एका महिन्यात साठा 20 लाखांचा होता, त्यातले 4 लाख अडत्यांचे देणे. उरलेल्या 16 मधून 25 टक्के मार्जिन (ज्यावर बँक पैसे देत नाही तो आपला वाटा) गेलं, राहिले 12. येणी 14 लाख, पण 5 लाख 90 दिवसांपुढची, ती बाद. 9 लाखांवर आमच्या बँकेचं 40 टक्के मार्जिन, म्हणजे 5.40. एकूण 17.40 लाख. साडेसहा लाखांहून जास्त रक्कम फक्त थकलेल्या उधारीनं आणि मार्जिननं अडवली. स्टॉक स्टेटमेंट (साठ्याचं आणि येण्यांचं विवरण) वेळेत दिलं नाही तर दंडही लागतो.

म्हणून उधारीकडेच लक्ष दिलं. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. मुदत उलटून वर्षअखेरीसही बिल थकलेलंच असेल तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक (सूक्ष्म-लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) छापला आणि मुदत ऑर्डरवरच लिहून घेतली. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या खरेदीदाराकडं ट्रेड्सवर (मुदतीआधी बिल वटवून पैसे मिळवायच्या ऑनलाइन मंचावर) बिल स्वीकारण्याचा आग्रह धरला. तिथं बिल वटलं की खरेदीदार बुडाला तरी पैसे परत मागितले जात नाहीत.